गप्पपट्टी

मानवजातीने आजवर मोजकेच थोर शोध लावले. अग्नी झाला, चाक झालं, वीज झाली. पण या सगळ्यांवर कडी करणारा शोध आपल्या महाराष्ट्राने लावला, तो म्हणजे समोरचा बोलत असताना गप्प बसण्याचा. इथून पुढे जगाच्या इतिहासाचे दोन खंड पडतील, गप्प बसण्याआधीचा आणि गप्प बसल्यानंतरचा, अशी घोषणा आरोग्यमंत्र्यांनी कोल्हापुरात केली. ती करताना ते इतका वेळ बोलले, की मागच्या मांडवात आमटी दोनदा गरम करावी लागली. तिसऱ्यांदा आचाऱ्याने हात झटकले.

समोर जिल्हाभरातले फॅमिली डॉक्टर बसले होते. हुपरीचे डॉ. महावीर मगदूमही त्यांच्यात होते, कारण नोंदणी टिकवायची तर हे प्रशिक्षण सक्तीचं होतं. एरवी मगदूम डॉक्टर कुणाचं ऐकायला म्हणून कुठे गेल्याचं त्यांच्या पत्नीला आठवत नव्हतं. पेशंट दारात चप्पल काढत असतानाच त्यांचं निदान सुरू व्हायचं. "या! पित्त ना? झोप नाही ना? काल लग्नात मसाले भात हाणला ना?" पेशंटने नुसती मान हलवायची. मान हलवेपर्यंत इंजेक्शन भरलेलं असायचं. चांदीचे पैंजण घडवणारं हे गाव त्या इंजेक्शनवर खूश होतं.

या प्रशिक्षण अभियानामागची कल्पना खरं तर शहाणपणाची होती. मानसोपचारतज्ज्ञ थोडे, आणि त्यांच्याकडे जाताना लोक तोंडाला रुमाल बांधून जातात. फॅमिली डॉक्टरकडे मात्र कुणीही उघड्या तोंडाने जातो. छातीत धडधडतं, हातापायाला मुंग्या येतात, पोटात गोळा उठतो, असं सांगत येणाऱ्यांपैकी कितीकांच्या पोटात काहीच नसतं. जे असतं ते वर मनात असतं. मग याच डॉक्टरांना बोलून बरं करण्याची विद्या का शिकवू नये? शिकवून पाहिली. पुस्तकातलं सगळं डॉक्टरांनी पटापट उचललं. एकच गोष्ट जमेना, ऐकून घेणं. पेशंटचं पहिलं वाक्य क्रियापदापर्यंत पोचायच्या आत त्यांचं पेन चालायला लागायचं.

यावर पुण्याच्या डॉ. अन्वया रेगे यांनी पट्टी काढली. सरकारी नाव 'श्रवणसंस्कार पट्टी'. हुपरीत तिचं लगेच बारसं झालं, 'गप्पपट्टी'.

रेगेबाईंनी ती स्वतःच्या गळ्याला लावून समजावून सांगितलं. माणूस बोलण्याआधी मेंदू गळ्याच्या स्नायूंना हुकूम सोडतो. आवाज फुटायच्या निमिषभर आधी त्या स्नायूंतून विजेची बारीक लहर जाते. कंठाशेजारी चिकटवलेली ही प्लास्टरएवढी पट्टी ती लहर पकडते. म्हणजे डॉक्टर आता तोंड उघडणार, हे डॉक्टरच्याही आधी पट्टीला कळतं. ती चुणचुणते, डॉक्टर थांबतो. आणि तो थांबला रे थांबला, की पट्टीचं दुसरं टोक मानेतून जाणाऱ्या व्हेगस नावाच्या मज्जातंतूला हलकेच चेतवतं. हा तंतू थेट मेंदूच्या तळाशी जातो. तो चेतला, की मेंदूत अशी रसायनं सुटतात, जी त्या क्षणी घडलेल्या गोष्टीखाली लाल रेघ ओढतात : हे महत्त्वाचं, हे पक्कं कर. जी सवय लागायला वर्षं जातात, ती महिन्या-दोन महिन्यांत हाडीमांसी मुरते. मग पट्टी काढून टाकायची. सवय राहते.

"आणि पुढं सवय काढायची झाली तर?" मागून कुणीतरी विचारलं.

"चांगली सवय कोण काढतं, डॉक्टर?" रेगेबाई हसल्या. सगळे हसले. आमटी आली होती.

*

पट्टीने पहिला चमत्कार केला तो त्रिशला आवटीवर.

त्रिशला ही डॉक्टरांच्या गल्लीतली मुलगी. गावातल्या सुकुमार चौगुले यांच्या पैंजणांच्या कारखान्यात ती कॉम्प्युटरवर नक्षी काढायची. आई गेल्यापासून तिला अधूनमधून एकदम धाप लागायची, बोटं बधिर व्हायची, आता मरतेच असं वाटायचं. हृदयाचे आलेख काढून झाले, सगळे निर्मळ. डॉक्टर म्हणायचे, "गॅस आहे गं! रात्री लवकर जेव." आणि इंजेक्शन.

त्या दिवशी ती आली, बसली, म्हणाली, "परत तेच." डॉक्टरांच्या ओठांवर 'गॅस' आला होता. गळ्याशी चुणचुणलं. ते थांबले. तिनेही थोडा वेळ वाट बघितली. इतक्या वर्षांच्या अनुभवाने तिला वाटलं, आता इंजेक्शन येईल. ते आलं नाही. मग स्वतःच्या नखांकडे बघत ती म्हणाली,

"आई बाथरूममध्ये पडली, तेव्हा तिनं मला हाका मारल्या होत्या. शेजारच्यांनी ऐकल्या. मी पलीकडच्याच खोलीत होते, डॉक्टर. माझ्या कानात हेडफोन होता."

आईच्या मृत्यूचा दाखला मगदूम डॉक्टरांनीच दिला होता. त्यावर कारण लिहिलं होतं, वेळ लिहिली होती. हाका लिहायला त्यात जागा नव्हती. लोक इतकी वर्षं आपल्याकडे बोलायला येत होते आणि आपण त्यांना सुई टोचून परत पाठवत होतो, हे त्यांना त्या खुर्चीत बसल्या बसल्या कळलं, आणि ते फार काही बरं वाटलं नाही.

त्रिशला येत राहिली. डॉक्टरांनी शिकवल्याप्रमाणे ती छाती धडधडली की पळून न जाता श्वास लांबवायला शिकली. बाथरूमच्या दारात उभी राहायला शिकली. एके दिवशी कानाला हेडफोन लावून, रडत रडत, अख्खं गाणं ऐकून आली. हळूहळू धाप थांबली. इतकी, की ती प्रेमात पडली. सुकुमार चौगुलेंच्याच मुलाच्या, सम्मेदच्या.

"त्याला सांगू का, डॉक्टर? हे सगळं?"

डॉक्टर गप्प राहिले. तिने खिडकीबाहेर बघितलं आणि म्हणाली, "सांगते." तिने सांगितलं. सम्मेद म्हणाला, "एवढंच ना?" डॉक्टरांना त्या दिवशी आपल्या विद्येचा अभिमान वाटला. पट्टी तर त्यांनी केव्हाच काढून ठेवली होती.

*

घरी मात्र वेगळं चाललं होतं. पहिले काही दिवस त्यांच्या पत्नी रत्नप्रभाबाई शेजारणींना सांगत सुटल्या, की लग्नानंतर प्रथमच आपली वाक्यं पुरी होऊ लागलीत. पुढे पुढे त्यांचा आवाज चढू लागला.

"अहो, भाजी काय करू? वांगं का दोडका?"

डॉक्टरांनी वर्तमानपत्र खाली ठेवलं. प्रेमाने बघितलं. गॅसवर तेल तापून धुरावलं.

"तुला काय वाटतं?"

"मला वाटतं, मी आपलं निघून माहेरी जावं."

डॉक्टर थांबले. मग मऊ आवाजात म्हणाले, "माहेरी जावंसं वाटतंय."

"अहो, दोडका! दोडका म्हणा नुसतं!"

यात डॉक्टरांचा इलाज नव्हता. कुणी काही विचारलं, की आतून कुणीतरी लगाम ओढायचं, आणि समोरच्याने मनात दहापर्यंत आकडे म्हणावेत इतका वेळ जीभ हलायची नाही. मेंदू शिकला होता तो एवढंच : विचारलं की थांब. दवाखान्यातच थांब, असं काही तो शिकला नव्हता. त्याच्या आत दवाखान्याची पाटी लावलेली वेगळी खोली नसते.

*

आता हुपरीच्या एका रिवाजाबद्दल सांगायला हवं, कारण मोडतोड झाली ती तिथे.

सोयरीक जुळवताना लोक घर बघतात, माणसं बघतात. पण शेवटचा शिक्का फॅमिली डॉक्टरचा. मुलाकडचा कुणीतरी मुलीच्या डॉक्टरकडे खोकला दाखवायला म्हणून जातो, आणि उठता उठता विचारतो, "ती अमक्यांची पोरगी तुमच्याकडंच येते न्हवं? बरी आहे न्हवं?" कायद्याने डॉक्टरने यावर काही बोलू नये. रिवाजाने त्याने तत्काळ बोलावं. मगदूम डॉक्टर प्रश्न संपायच्या आत म्हणायचे, "सोन्यासारखी! उरकून टाका!" फिट येणाऱ्यांनाही ते सोन्यासारखं म्हणाले होते, बाटलीवाल्यांनाही. चांदीच्या गावात एवढं सोनं कुठून आलं, असं कुणी विचारलं नाही. डॉक्टर असंच म्हणणार हे ठाऊक असूनच लोक विचारायला यायचे. ते चटकन म्हटलं गेलं, की बापाच्या छातीवरचा दगड उतरायचा, एवढंच त्याचं काम. अर्ध्या गावाचे संसार त्या घाईघाईच्या खोट्यावर उभे होते, आणि बरेचसे बरे उभे होते.

सुकुमार चौगुले दुपारी आले. डॉक्टरांचे ते शाळेपासूनचे दोस्त. रक्तदाब मोजून घेतला, सदऱ्याची बाही खाली केली आणि दारापाशी जाऊन वळले.

"पोरानं आवट्यांची त्रिशला पसंत केलीय. तुझ्या कानावर असंलच. माझी काय ना नाही, पोरगी हुशार आहे, हात साफ आहे. आपलं रीत म्हणून विचारतो लेका... बरी आहे न्हवं?"

डॉक्टरांच्या मनात उत्तर तयार होतं. आयुष्यात प्रथमच ते खरंही होतं. सुकुमार, ही मुलगी आतून किती खंबीर आहे हे मला ठाऊक आहे; हिच्याइतकं धैर्य तुझ्या घरात कुणात नाही; सोन्यासारखी. शेवटचा एक शब्द पुरला असता.

लगाम ओढला गेला.

सुकुमार हसत उभे होते. हसू थोडं कमी झालं. बाहेर कुणीतरी गाडी लावली, स्टँड खाली केला, त्याचा आवाज आला. सुकुमारांनी टोपी काढून हातात घेतली. डॉक्टरांच्या कपाळावर घाम आला, आणि तो सुकुमारांना दिसला.

मग लगाम सुटला, आणि सवयीने पहिलं जे बाहेर पडायचं तेच बाहेर पडलं.

"तुला काय वाटतं?"

"मला?" सुकुमार हळूच म्हणाले. "मला आत्तापर्यंत काय वाटत नव्हतं. आता वाटायला लागलं."

"अरे नाही, सोन्यासारखी आहे! सुकुमार, सोन्यासारखी पोरगी आहे!"

"असू दे." सुकुमारांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. डोळ्यांत पाणी होतं. "तुझा धंदा सांभाळून जेवढं सांगता येतं तेवढं सांगितलंस. लई उपकार झाले, म्हावीर."

*

डॉक्टरांनी लगेच निरोप लिहून पाठवला : त्रिशला पूर्ण निरोगी आहे, मनात किंतु आणू नकोस. सुकुमारांचं उत्तर आलं : लिहून कळवतोयस, म्हणजे तोंडानं सांगवत नाही. समजलो.

संध्याकाळी डॉक्टर पत्नीला घेऊन चौगुल्यांच्या घरी गेले. बोलायला सुरुवात आपणच करायची, कुणाला विचारू द्यायचं नाही, असं ठरवूनच गेले होते. खुर्चीवर टेकायच्या आत म्हणाले, "सुकुमार, माझ्या इतक्या वर्षांच्या प्रॅक्टिसमध्ये त्रिशलासारखी चांगली पोरगी मी बघितली नाही. दुपारी मी थांबलो ते त्या सरकारी पट्टीमुळं. कुणी विचारलं की बोलता येत नाही मला. घरी भाजीचंही सांगता येत नाही."

"ते खरं आहे," रत्नप्रभाबाई म्हणाल्या. "दोडका म्हणवत नाही यांना."

सुकुमारांच्या बायकोने, राजमतीबाईंनी, पाण्याचा तांब्या ठेवला आणि सरळ विचारलं, "भावजी, एकच सांगा. तिला काय झालं होतं का कधी?"

सगळे डॉक्टरांकडे बघत राहिले. कोपऱ्यात सम्मेद उभा होता, तोही. या प्रश्नाला खरं उत्तर देता येत नव्हतं, कारण ते त्रिशलाचं होतं. खोटं द्यावं तर ते चटकन द्यावं लागतं. चटकन देण्याचं त्यांच्याकडचं सामान सरकारने काढून नेलं होतं.

"अहो, काही नाही झालं तिला!" रत्नप्रभाबाईच शेवटी ओरडल्या. "मी सांगते ना!"

"वहिनी, तुमी डॉक्टर न्हवं," राजमतीबाई म्हणाल्या.

सुकुमार दारापर्यंत सोडायला आले. "म्हावीर, रागावू नको. आधी तू सगळ्यांनाच सोनं म्हणायचास, तेव्हा तुझ्या बोलण्याला काय किंमत नव्हती. आता तू विचार करून बोलतोस हे सगळ्या गावाला ठाऊक आहे. मग तू गप्प बसलास, तर त्याला किंमत येणारच की. पट्टी म्हण, काय म्हण."

या बोलण्यातली चूक डॉक्टरांना त्या दिवशी सापडली नाही. पुढेही सापडली नाही.

त्यांनी पुण्याला रेगेबाईंना फोन लावला. ही सवय उतरवता येते का? बाईंचा आवाज आनंदाने भरला. "उतरवायची कशाला, डॉक्टर? तुमचे आकडे जिल्ह्यात सगळ्यात वर आहेत! तुमच्या पेशंटपैकी त्रेपन्न क्रमांकाची तरुणी तर आमच्या सादरीकरणात आहे; नाव नाही, काळजी नको. पूर्ण बरी! तुम्हाला सत्काराला यायचंय. दोन शब्द बोलाल ना?"

डॉक्टर गप्प राहिले.

"बघा," बाई गहिवरून म्हणाल्या, "किती सहज जमतं तुम्हाला."

सम्मेदचं लग्न शिरोळच्या मुलीशी ठरलं. साखरपुड्याला डॉक्टरांना पुढची खुर्ची होती. त्याआधी सुकुमारांनी घरी चांदीचं तबक पाठवलं होतं, काठाला स्वतःच्या हाताने वेल काढलेलं. तबक आणणाऱ्याने निरोप सांगितला, तुमच्यामुळं वाचलो. रत्नप्रभाबाईंनी ते तबक माळ्यावर टाकलं आणि त्यानंतर नवऱ्याला कशाबद्दलच काही विचारणं बंद केलं. घरात रोज त्यांना वाटेल ती भाजी होऊ लागली.

*

त्रिशला आली तेव्हा संध्याकाळचे पेशंट संपत आले होते. शेवटच्या म्हातारीला औषध देऊन डॉक्टरांनी दार लोटलं. त्रिशला नेहमीच्या खुर्चीत बसली होती. तिच्या तोंडावर रडल्याच्या खुणा शोधायचा त्यांनी प्रयत्न केला. नव्हत्या.

"त्रिशला, माझं चुकलं," ते म्हणाले. न विचारता बोलायचं होतं, म्हणून बोलता आलं.

"तुमचं कुठं? तुम्ही तर काही बोललाच नाहीत."

ती हे टोचून म्हणाली की साधेपणाने, ते त्यांना कळेना. एवढ्या प्रशिक्षणानंतरही.

"सम्मेद भेटायला आला होता," ती म्हणाली. "त्याला हेडफोनचं माहीत होतं, आईचं माहीत होतं. मला म्हणाला, अजून काय आहे ते सांग. म्हटलं, अजून काही नाही. तर म्हणाला, मग डॉक्टर गप्प का बसले? मी त्याला पट्टीचं सांगितलं. तो म्हणाला, बाकीच्या कुणाच्या वेळी ते असे घामाघूम होत नाहीत, बाबांनी बघितलंय. पण तो वाईट नाहीये. मीसुद्धा घरी जाऊन शोधत बसले, डॉक्टर. म्हटलं, आपल्यालाच ठाऊक नसलेलं असं काहीतरी यांना आपल्यात दिसलं असेल. तुम्ही इतकं ऐकलंय माझं. दिसलं असेल तर तुम्हालाच दिसणार."

डॉक्टरांनी जोरजोराने मान हलवली. पट्टीने मानेला काही शिकवलं नव्हतं. मान अजून त्यांची होती.

"मग छाती धडधडायला लागली. हात बधिर झाले, पहिल्यासारखेच. तुम्ही शिकवलंय तसं मी पळाले नाही. तिथंच बसले, श्वास लांब केला. धडधड वर गेली, थोडा वेळ राहिली, उतरली." ती पहिल्यांदाच हसली. "तुमची ट्रीटमेंट लागू पडली, डॉक्टर. पक्की."

रेगेबाईंच्या सादरीकरणासाठी याहून चांगलं वाक्य मिळालं नसतं. डॉक्टर टेबलावरच्या काचेकडे बघत राहिले. आता काही बोलणं शक्य होतं. कुणी काही विचारलं नव्हतं. तरी त्यांना सुचेना.

"कारखाना मी सोडला," त्रिशला म्हणाली. "रोज त्यांच्याच घरच्या लग्नातल्या पैंजणांची नक्षी काढायची, ते काही जमेना. बाबा खचलेत. ते म्हणतात, गावात कुजबुज वाढायच्या आत बाहेरचं स्थळ बघू. आत्यानं निपाणीचं एक आणलंय. मुलगा मी बघितला. सम्मेद नाही, पण बरा वाटला. त्याला सगळं मीच सांगणार आहे, माझं मी, कुणी विचारायच्या आधी. ते मला जमेल."

ती उठली, ओढणी नीट केली, आणि दारापाशी गेली. डॉक्टरांना वाटलं, ती आता काहीतरी मोठं बोलेल, शाप देईल, निदान एखादा प्रश्न विचारून त्यांना त्या लगामात अडकवून जाईल. तेवढा तिचा हक्क होता. पण तिने फार जपून, त्यांना त्रास होऊ नये अशा बेताने, वाक्य जुळवलं.

"मी विचारत नाही, डॉक्टर, सांगतेय. त्याचे काका गुरुवारी तुमच्याकडं खोकला दाखवायला येणार आहेत. गुरुवारी तेवढा दवाखाना बंद ठेवा."